बूच आणि खिडकी

८ जानेवारी, गुरुवार

सुटले एकदाची त्या तळघरातून! दोन वर्षं काढली तिथे, कुबट वासात, डोक्यावरच्या नळांची गुरगुर ऐकत. आता तळघराची दुरुस्ती निघाली म्हणून आमच्या प्रयोगशाळेची रोपांची खोली वरच्या मजल्यावर आणली. आणि या खोलीला खिडकी आहे. खरी, मोठी, नेकार नदीकडे तोंड केलेली. आत शिरल्या शिरल्या मी आधी ती उघडली. कडाक्याची थंडी आत घुसली आणि वाटलं, चला, आता माणसासारखं काम करता येईल.

झुरेमा दारातच थबकली. ती ब्राझीलची, बारमाही उकाड्याच्या बेलें शहरातली. ऑक्टोबरपासून माझ्यासोबत काम करते. गळ्यात लाल लोकरीचा जाड मफलर असतो, जेवतानाही काढत नाही.

"रीके, वेड लागलं का तुला? बाहेर बर्फ आहे!"

"दहाच मिनिटं. जुनी हवा बाहेर, नवी आत. रोज सकाळी आणि रोज संध्याकाळी."

"आणि तुझे ते रोगाचे जंतू बाहेर गेले म्हणजे?"

"ते बाहेर प्रत्येक बागेत आधीच बसलेत. उगाच कारणं काढू नकोस."

मग मी दाराच्या मुठीला केर-आठवड्याची पाटी अडकवली, घरी जिन्यात असते तशीच. ज्याच्याकडे पाटी त्याने त्या आठवड्यात खोली झाडायची, पुसायची, हवा खेळवायची, रोपांचंही सगळं बघायचं. शनिवारी पाटी दुसऱ्याकडे. एक आठवडा मी, एक ती. झुरेमाने पाटी उलटून पालटून पाहिली. म्हणाली, "आमच्याकडे केर झाला की काढतात. तुमच्याकडे केराला पण पाळी लागते." जर्मनीच्या या स्वाबियात राहायचं तर लागते, बाई. इलाज नाही.

आता कामाचं. नोव्हेंबरात शास्त्रज्ञांच्या भरल्या सभेत मी छातीठोकपणे सांगितलं की आमच्या बुचाने, म्हणजे आम्ही शोधलेल्या औषधाने, टोमॅटोचा काळ्या ठिपक्यांचा रोग थांबतो. टाळ्या पडल्या. लेख पाठवण्याआधी आमच्या प्रमुखांना, किटेलबेर्गर सरांना, तेच पुन्हा झालेलं बघायचंय, फेब्रुवारीअखेरपर्यंत. बघू देत की. एकदा झालंय ते पुन्हा होईल, त्यात काय मोठंसं!

१६ जानेवारी, शुक्रवार

काहीच झालं नाही.

सोमवारी सगळ्या रोपांवर जंतूंचा फवारा मारला. निम्म्यांना आधी बूच पाजलं होतं, निम्मी साधी. आजपर्यंत साध्या रोपांची पानं भिजल्यासारखी व्हायला हवी होती, त्यांवर काळे ठिपके उठायला हवे होते. ती उभी आहेत लग्नाला निघाल्यासारखी! बूचवाली हिरवी, साधीही हिरवी. आजारी कुणी पडलंच नाही, तर औषधाने बरं कुणाला केलं म्हणून सांगू?

दमटपणाचं म्हणाल तर त्यात खोट नाही. हा रोग दमट हवेतच चढतो, हे मला चांगलं माहीत आहे. म्हणून तर खोलीत वाफेचं यंत्र आहे. रोज सकाळी आल्या आल्या मी आधी भिंतीवरचा दमटपणाचा काटा बघते. नव्वद टक्क्यांच्या वरच असतो. तो लिहिते, मग खिडकी उघडते, मग झाडते. संध्याकाळीही तसंच. एक दिवस चुकवलं नाही.

जंतूच जुने झाले असावेत. नवे वाढवायला घेतले.

१८ जानेवारी, रविवार

आईबाबांकडे जेवायला गेले. मसूर आणि श्पेट्झले, आमच्याकडच्या अंड्याच्या जाड शेवया. तोंड पाडून बसले होते, म्हणून बाबांनी चौकशी सुरू केली. ते आयुष्यभर प्लंबर होते, त्यामुळे माझं काम त्यांना इतरांपेक्षा बरं कळतं.

"तुझे ते जंतू झाडाचं पाणी चोरतात, असंच ना?"

"चोरत नाहीत, बाबा, बाहेर काढतात. पानाच्या आत पेशी असतात आणि पेशींच्या मधे मोकळी जागा. जंतू त्या जागेत शिरतात, पण तिथे असतं कोरडं. म्हणून ते पेशीच्या पातळ पटलात एक प्रथिन खुपसतात. ते आतून पोकळ, नळीसारखं. त्या नळीतून पेशीतलं पाणी बाहेर झिरपतं, सगळीकडे ओल होते, आणि ओलीत ते माजतात."

"म्हणजे चोर घरात शिरतो आणि आल्या आल्या स्वतःचा नळ बसवून घेतो!"

"हो. आणि आम्ही त्या नळाला बूच मारतो."

"आणि झाड काय, नुसतं बघत बसतं?"

"नाही हो. झाडाकडे पण नळ्या असतात, त्याच्या स्वतःच्या. चोराची चाहूल लागली की त्यांतून कॅल्शियम पेशीत शिरतं. ती त्याची धोक्याची घंटा."

"मग घंटा असून चोर कसा शिरतो?"

"चोर घंटेची तार कापतो."

बाबा खूश झाले. म्हणाले, "पोरी, बुचाचा भरवसा नसतो, वायसर बदल." तेवढ्यात आई उठली आणि जेवणाच्या मध्येच खिडकी सताड उघडली. बाबांनी कोट ओढून घेत दर हिवाळ्यातली म्हण टाकली, "गारठून पुष्कळ मेले, वासाने अजून कुणी मेलेलं नाही!"

"मी उघडते म्हणून मेला नाहीस," आई म्हणाली. मी आईच्या बाजूची. लहानपणापासून.

२३ जानेवारी, शुक्रवार

झालं! झालं! झालं!

या आठवड्यात पाटी झुरेमाकडे होती. आज दार उघडलं तर साधी रोपं अगदी मरणाच्या दारात. पानं ओली, पारदर्शक, काळ्या ठिपक्यांनी भरलेली. आणि शेजारी बूचवाली रोपं, जवळजवळ एकही डाग नाही. मी झुरेमाला मिठी मारली. ती म्हणाली, "रोगी बघून इतकं हसणारा डॉक्टर मी पहिल्यांदाच बघतेय."

एक खटकलं. मंगळवारी सकाळी मी सहज डोकावले, तर खोलीत ओला, कोंदट वास. खिडकी बंद. झुरेमा मला बघून दचकलीच. "हवा खेळवलीस का?" विचारलं तर म्हणाली, "हो हो, आत्ताच बंद केली." आणि लगेच फरशी पुसायला लागली, जी आधीच ओली होती.

असो. मला काय, रोपं आजारी पडली ना.

३० जानेवारी, शुक्रवार

माझा आठवडा. सगळी रोपं ठणठणीत.

जंतू नवे, झुरेमाने वापरले तेच. पाणी तेच, माती तीच, फवारा तोच. काटा रोज सकाळी नव्वदच्या वर. मी कुठे चुकले? खोली तर अशी लख्ख ठेवलीय की फरशीवर पाव ठेवून खावा.

सरांना आज कॉफीच्या यंत्रापाशी सांगितलं. त्यांनी कप खाली ठेवला. "शॉयफेलेबाई, एकदा होतं, एकदा होत नाही, याला आपल्या धंद्यात निष्कर्ष म्हणत नाहीत."

६ फेब्रुवारी, शुक्रवार

झुरेमाचा आठवडा. साधी रोपं आजारी. बूचवाली चांगली.

या वेळी मला आनंद झाला नाही. हे लिहायलाही लाज वाटते, पण कुठेतरी लिहायलाच हवं. माझ्या हातून रोग होत नाही, तिच्या हातून होतो. जे घडायला हवं तेच नेमकं घडतं, आणि ते फक्त मी तिथे नसताना. ती साध्या रोपांवर फवारा जास्त मारत असेल का? सरांना खूश करायला? मला खूश करायला? दोनदा मी अचानक आत गेले आणि दोन्ही वेळा ती काहीतरी लपवताना पकडल्यासारखी उभी होती.

आणि तसं असेल, तर नोव्हेंबरातल्या माझ्या प्रयोगाचं काय? तेव्हाही रोपांना हात लावायला ती होतीच. म्हणजे मी त्या सभेत दोनशे माणसांसमोर खोटं बोलले.

९ फेब्रुवारी, सोमवार

बोलले. बोलायला नको होतं, किंवा नीट बोलायला हवं होतं.

मी म्हटलं, "झुरेमा, तू फवारा किती मारतेस?"

"तू लिहून दिलंयस तितका."

"सगळ्या रोपांना सारखा?"

तिला आधी कळलंच नाही. मग कळलं. "तू मला लबाड म्हणतेस?"

"मी म्हणतेय की तुझ्याच आठवड्यात..."

"म्हणजे तेच म्हणतेस! मी झाडते, पुसते, मोजून फवारते, काटा लिहिते. तू सांगितलेलं सगळं करते." 'सगळं' म्हणताना ती अडखळली आणि तिची नजर खिडकीकडे गेली. माझ्याकडे बघेना. मनात म्हटलं, चोराच्या मनात चांदणं.

"मग इतकी बावरतेस का मला बघून?"

तिने दारावरची पाटी काढून माझ्या हातात दिली. "घे. सगळे आठवडे तूच कर. मी या खोलीत पाऊल टाकणार नाही. तुझा केर तुलाच लखलाभ." मफलर गुंडाळला आणि गेली.

 खिडकी उघडून बराच वेळ उभी राहिले.

१३ फेब्रुवारी, शुक्रवार

एकटीने केलं. काही नाही. सगळी हिरवी.

बाहेर फास्नेटच्या सणाचा धुमाकूळ चाललाय, लाकडी मुखवटे घालून लोक घंटा वाजवत गल्लीगल्लीतून फिरतायत. चेटकिणीचा मुखवटा घातलेल्या एकीने माझ्या केसांत मूठभर कागदी कपटे कोंबले. घरी येऊन रडले, आणि केसांतून कपटे पडत राहिले. ते झाडले.

२० फेब्रुवारी, शुक्रवार

पुन्हा काही नाही. मी एकटीने केलेल्या प्रत्येक वेळी एकही ठिपका नाही. म्हणजे झुरेमाच्या हातून काहीतरी होत होतं, हे पक्कं. माझा संशय खरा ठरला, आणि इतकं वाईट मला कधी वाटलं नव्हतं.

सरांनी बोलावून घेतलं. दार लावून घेतलं, म्हणजे गंभीर. "तुमची परीक्षा घेत नाही, बाई. पण सभेत सांगितलेलं आपल्याला पुन्हा दाखवता येत नसेल, तर ते आपण आपणहून सांगायचं. कुणी विचारायच्या आत. महिनाअखेरीस सगळ्यांना पत्र पाठवू. मसुदा तुम्ही लिहा."

मी झुरेमाबद्दल सांगितलं नाही. तोंडावर आलं होतं, पण सांगितलं नाही. पुरावा काय आहे माझ्याकडे? ती आता समोरच्या खोलीत बसते. कॉफीला येते तेव्हा मला "सुप्रभात" म्हणते, एका शब्दाने कमी नाही की जास्त नाही.

आईचा फोन आला होता. आवाजावरून ओळखलंन. "खोलीत कोंडून बसली असशील. खिडकी उघड, बरं वाटेल." उघडली. बरं वाटलं नाही.

२३ फेब्रुवारी, सोमवार

आता काट्यानेही दगा दिला. जे जे मोडायचं ते याच महिन्यात मोडणार.

पत्राचा विचार करत खोलीत शिरले, आणि कसं कोण जाणे, सवयीचा क्रम चुकला. आधी खिडकी उघडली, झाडून काढलं, खिडकी लावली आणि मग आठवलं की काटा लिहायचा राहिला. बघते तर पस्तीस! टिचकी मारली, पस्तीसच. जेवणाच्या सुट्टीनंतर पुन्हा बघितलं तर तोच काटा नव्वदकडे सरकलेला. स्प्रिंग ढिली झाली असणार. सामानाच्या कोठीत नवा मागितला. उद्या देतो म्हणालेत.

शेवटचा म्हणून आज एक फवारा मारून ठेवलाय. आशा नाही, पण रोपं तयार होती, फेकवली नाहीत.

२५ फेब्रुवारी, बुधवार

माझ्याइतकी मूर्ख बाई या नेकारच्या काठावर दुसरी सापडायची नाही.

नवा काटा लावला. ब्याण्णव. छान. लिहिलं, खिडकी उघडली, झाडायला लागले. झाडता झाडता वर पाहिलं आणि केरसुणी हातातच राहिली. काटा खाली येत होता. ऐंशी. साठ. माझ्या डोळ्यांदेखत. दोन्ही काटे कसे बिघडतील? बिघडला नव्हताच पहिला. खिडकीतून ती कोरडी, गोठलेली हवा आत येत होती, आणि यंत्राने अख्खी रात्रभर जमवलेली वाफ दहा मिनिटांत नदीवर जात होती. मी खिडकी लावली आणि स्टुलावर बसून राहिले. दमटपणा पुरता परत यायला दुपार झाली. आणि संध्याकाळी मी पुन्हा उघडायची. रोज! न चुकता! काटा मात्र आधी बघायचा, मग उघडायची. म्हणजे माझ्या वहीत रोज नव्वद, आणि अर्धा दिवस खोलीत वाळवंट.

बिचारे जंतू. एवढ्या खटपटीने नळी बसवतात, पेशीतलं पाणी बाहेर काढतात, आणि मी ते वाळवून टाकते. ओलच टिकली नाही तर माजणार कुठे? तळघराला खिडकी नव्हती, म्हणून तिथे सगळं सुरळीत चाललं होतं. काखेत कळसा आणि गावाला वळसा! मी जंतू बदलले, माती तपासली, पाणी तपासलं, एका भल्या बाईला लबाड ठरवलं. स्वतःचा हात तेवढा बघितला नाही, कारण तो हात स्वच्छता करत होता.

मग दुसरा विचार आला. झुरेमाच्या आठवड्यात खिडकी उघडली जात नव्हती तर.

२६ फेब्रुवारी, गुरुवार

सकाळी तिच्या दारात गेले. हातात लोणी लावलेले दोन ब्रेत्सेल, गाठीसारखे वळलेले खारे पाव. रिकाम्या हाताने माफी मागायला मला येत नाही.

"झुरेमा, एक विचारते, रागावू नकोस. तू खिडकी उघडायचीस का?"

तिचा चेहरा पडला. "आता ते पण काढलंस का?"

"सांग ना. देवाशपथ, मी ओरडणार नाही."

"नाही," ती म्हणाली. "पहिल्या दिवशी उघडली. दात वाजायला लागले, लावून टाकली. मग कधीच नाही. तुला सांगायची हिंमत नव्हती. तू त्या खिडकीबद्दल अशी बोलतेस की उघडली नाही तर नरकात जाऊ. वास येऊ नये म्हणून फरशी दोन दोनदा पुसायचे. तू आत आलीस की वाटायचं, पकडली गेले." तिने मान वर केली. "पण फवारा मी मोजूनच मारला, रीके. एक थेंब कमी नाही, एक थेंब जास्त नाही."

मी रडायलाच लागले. तिथेच, ब्रेत्सेलसकट. म्हटलं, "तू बरोबर होतीस. खिडकी न उघडणारी तूच बरोबर होतीस. सगळं मी मोडत होते, आणि आळ तुझ्यावर घेतला." काट्याचं सगळं सांगितलं. ती आधी डोळे मोठे करून ऐकत होती, मग तिचा ओठ थरथरला, मला वाटलं ही पण रडतेय, पण ती हसत होती. हसता हसता टेबलावर डोकं टेकलंन.

"म्हणजे मी आळशीपणाने विज्ञान वाचवलं!"

"हो."

"आणि तू झाडून झाडून बुडवलंस!"

"हो गं, हो."

मग तिचं हसू थांबलं. "लबाड म्हणालीस ते मी विसरणार नाही. इतक्यात तरी नाही."

"नको विसरूस."

"पण तुझं बूच मला बघायचंय. चल." ब्रेत्सेल मात्र दोन्ही तिनेच खाल्ले.

जाता जाता तिला बाबांची ती गारठण्याची म्हण सांगितली. तिने तीनदा म्हणून घेतली, पाठ झाली तिची.

सरांकडे दोघी गेलो. मी सगळं सांगितलं, काही न लपवता. आळ घेतल्याचंही. त्यांनी चष्मा काढून पुसला. "एक आठवडा," म्हणाले. "या वेळी पाटी तुमच्याकडे, शॉयफेलेबाई. तुमच्या हातून होऊ दे. नाही झालं, तर पत्र."

२ मार्च, सोमवार

फवारा मारला. गेल्या सोमवारची, हवा लागलेली रोपं टाकून दिली, ही नवी. सगळा मीच, झुरेमा हात मागे बांधून बघत होती. कुठल्या कुंडीत बूच आहे ते फक्त तिला माहीत, मला नाही.

झाडलं. पुसलं. खिडकीकडे हात आपोआप गेला. झुरेमाने तो चापट मारून खाली केला. मग गळ्यातला लाल मफलर सोडला आणि खिडकीच्या मुठीला करकचून दोन गाठी मारल्या. "तुझा भरवसा नाही," म्हणाली.

काय वास आहे त्या खोलीत! ओल्या मातीचा, कुबट पानांचा. 

४ मार्च, बुधवार

काही पानं खालून ओलसर दिसतायत. दिसतायत की मला दिसावीशी वाटतायत? झुरेमाला विचारलं. ती म्हणाली, "शुक्रवारपर्यंत तोंड उघडणार नाही." कोणत्या कुंड्या ते मी बघायचंच नाही ठरवलंय. घरी आले, खिडकी उघडली, लावली, पुन्हा उघडली. घरची आहे, चालतं.

६ मार्च, शुक्रवार

आजारी पडली! माझ्या हातची, माझ्या आठवड्यातली, माझी लाडकी टोमॅटोची रोपं सपाटून आजारी पडली!

निम्म्या कुंड्यांत पानं अशी भिजलेली की उजेड आरपार दिसावा, काळेच काळे ठिपके. निम्म्यांत हिरवी, तुरळक एखादा डाग. मी हिरव्या कुंड्या एका बाजूला काढल्या आणि झुरेमाकडे पाहिलं. तिने कुंड्यांवरच्या चिठ्ठ्या उलटल्या. एकूण एक बूचवाली.  मी ओल्या फरशीवर बसले आणि हसले की रडले, आठवत नाही. खरं होतं. नोव्हेंबरात सांगितलं ते खरं होतं. नळी होती, बूच होतं, आणि मी त्या सभेत खोटं बोलले नव्हते.

सर आले. दारातच नाक मुरडलंन. "अरे बापरे, काय कोंदट आहे इथे!" आणि आमच्या स्वाबियात जन्मलेला कुठलाही माणूस जे करील तेच त्यांनी केलं. रोपांकडे बघायच्याही आधी सरळ खिडकीकडे गेले, मुठीवर हात ठेवला.

"नाही!" आम्ही दोघी एकदम किंचाळलो.

सरांचा हात मफलरच्या गाठीवर तसाच राहिला. झुरेमा पुढे झाली आणि तिच्या त्या ब्राझिली सुरात, आमच्या बोलीत, एकही शब्द न चुकता म्हणाली, "गारठून पुष्कळ मेले, सर. वासाने अजून कुणी मेलेलं नाही."

 सर मोठ्याने हसले. मी त्यांना चार वर्षांत पहिल्यांदा असं हसताना पाहिलं. खिडकी सोडली, वाकून एक एक कुंडी पाहिली, पानं उलटून पाहिली, पुन्हा पहिल्या कुंडीपाशी आले. "शिव्या देण्यासारखं काही दिसत नाही," म्हणाले. आमच्याकडे शिव्या पडल्या नाहीत म्हणजे कौतुकच समजायचं. पत्राचा विषय निघाला नाही. दारातून वळून एवढंच म्हणाले, "लेखावर झुरेमाबाईंचं नाव तुमच्या शेजारी. आणि प्रयोगाच्या कृतीत खिडकीचं लिहा. सगळ्यांना कळू दे." लिहीन. पहिल्याच पानावर लिहीन.

८ मार्च, रविवार

झुरेमाला आईबाबांकडे जेवायला नेलं. बाबांनी तिला नळी, बूच आणि वायसर यांवर भाषण दिलं, तिने मुकाट्याने ऐकलं आणि श्पेट्झले दोनदा वाढून घेतले. लबाडीचं ती अजून विसरलेली नाही. मीठ मागितलं तर म्हणाली, "मोजून देऊ की अंदाजाने?" बोलायला लागली आहे, टोमणा का असेना. मला पुष्कळ आहे.

जेवणाच्या मध्येच आई नेहमीसारखी उठली आणि खिडकीकडे निघाली. झुरेमाने खांदे आखडून घेतले. मफलर तिच्या गळ्यात नव्हता, तो अजून तिकडे मुठीला बांधलेला आहे.

"राहू दे ना, आई," मी म्हटलं.

बाबांचा चमचा बशीत पडला. आई खिडकीपाशी माझ्याकडे वळून बघत राहिली, जणू मी कुणी परकीच आहे. मग परत येऊन बसली आणि झुरेमाच्या ताटात आणखी मसूर वाढले.